मागचं इंजिन

मुंबईहून नाशिककडे जाताना कसाऱ्याला गाडी थांबते आणि बराच वेळ हलत नाही. नवखे प्रवासी घड्याळ बघतात. नेहमीचे मात्र निवांत असतात. मागे ‘बँकर’ लागतंय, हे त्यांना ठाऊक असतं. पुढे थळ घाट, दर सदतीस फुटांना एक फूट असा चढ. पुढच्या एकट्या इंजिनाला एवढी गाडी ओढवत नाही. म्हणून मागून आणखी इंजिनं लावायची, त्यांनी घाटभर रेटा द्यायचा आणि इगतपुरी आली की सुटून पुन्हा खाली जायचं. १८६५ साली हा घाटमार्ग सुरू झाला आणि तेव्हापासून इगतपुरी हे रेल्वेचं गाव झालं.

माझी आत्या लग्न होऊन या गावात आली, त्याला आता साठ वर्षं होतील. काका रेल्वेत होते. आता आत्या मुलगा-सुनेबरोबर राहते. दादा इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. वहिनी गोंद्याच्या बाजूला एका लहान कंपनीत ठेकेदारामार्फत पॅकिंगला जाते. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. उगाच तिच्या कामावर गदा नको.

मागच्या उन्हाळ्यात मी आत्याकडे चार दिवस गेले होते. संध्याकाळी वहिनी कामावरून आली. माठातलं पाणी घटाघटा प्यायली, तशीच उंबऱ्यात टेकली आणि म्हणाली, “ताई, आज आमच्या खात्यातले पंखे काढले.”

“पंखे? आणि ते का?”

“पर्यावरणासाठी.”

असं म्हणून ती हसली. ते हसू काही मला झेपलं नाही. पर्यावरणाबद्दल मी चार व्याख्यानं ऐकते, घरात कापडी पिशव्या वापरते, खोलीतून बाहेर पडताना मुलांना दिवा बंद करायला लावते. आणि इथे पत्र्याच्या शेडमध्ये आठ तास उभं राहून खोकी भरणारी माझी वहिनी सांगत होती, की वीज वाचवायची म्हणून तिचा पंखा गेला.

झालं होतं ते असं. मोठ्या कंपन्या आता आपल्याला माल पुरवणाऱ्यांकडूनही विजेचा आणि डिझेलचा हिशेब मागतात. वहिनीच्या कंपनीलाही वरून सांगणं आलं, यंदा वीज इतकी कमी झाली पाहिजे. मशीन बंद करता येत नाही, कॉम्प्रेसर बंद करता येत नाही. साहेबांच्या खोलीतला एसी बंद करायचं कुणाच्या मनात येत नाही. मग उरले पॅकिंगचे पंखे. तिथे बहुतेक सगळ्या बायका, त्याही कंत्राटी. विचारायचं कुणाला आणि कशाला? सकाळी कामावर गेल्या, तर पंखे जागेवर नाहीत. गेटावर मात्र हिरव्या पानाचं चित्र असलेला नवा बोर्ड.

“तुम्ही काही बोलला नाहीत?” मी विचारलं.

“बोललो ना. सुपरवायझर म्हणाले, टार्गेट आहे. मग आम्ही पाणी प्यायचं कमी केलं.”

मला कळेना. पंखा नाही म्हणून पाणी कमी? वहिनीनेच उलगडून सांगितलं. “गरम होतं म्हणून पाणी जास्त प्यायचं, तर सारखं बाथरूमला जावं लागतं. ते त्या टोकाला. जाऊन येईस्तोवर खोकी साठतात, मग ओरडा खायचा. त्यापेक्षा तहान परवडली.”

मैत्रिणींनो, हा हिशेब आपल्यापैकी बऱ्याच जणींना पाठ आहे. एसटीत बसण्यापूर्वी, लग्नाच्या हॉलमध्ये, परीक्षेच्या केंद्रावर आपण तो करतोच. पण रणरणत्या उन्हाळ्यात, पत्र्याखाली, रोज आठ तास? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२४ साली जाहीर केलं, की जगातले २४० कोटी कामगार, म्हणजे दर दहांपैकी सात जण, कामाच्या ठिकाणी अति उष्णतेला तोंड देतात. त्यात माझी वहिनी एक.

आत्या दाराशी तांदूळ निवडत बसली होती. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, “आमच्या वेळीही असंच. बदल झाल्यावर कळायचं.”

मग तिने काकांची गोष्ट सांगितली. १९३०च्या सुमाराला मुंबईकडून विजेच्या तारा घाट चढून इगतपुरीपर्यंत आल्या. त्यापुढे मात्र वाफेचं इंजिन. त्यामुळे इथे इंजिन बदलल्याशिवाय गाडी पुढे जायची नाही. घाटातली ती विजेची इंजिनं मोठी हुशार होती म्हणे. चढताना वीज खायची आणि उतरताना थोडी तारेला परत द्यायची. काका लागले ते वाफेच्या इंजिनावर, फायरमन म्हणून. फावड्याने कोळसा मारायचा, तोंडावर धग, पाठीवर वारा. घरी आले की बनियन आणि चेहरा एकाच रंगाचा.

साठच्या दशकाच्या अखेरीला इगतपुरीच्या पुढेही, भुसावळच्या बाजूला विजेच्या तारा आल्या. काकांना नवं शिक्षण मिळालं, ते विजेच्या इंजिनावर असिस्टंट झाले. “मला कुणी सांगितलंच नाही,” आत्या म्हणाली. “धुण्याचा काळेपणा कमी झाला, तेव्हा मी विचारलं. मग म्हणाले, अगं, इंजिन बदललं.”

आत्याला आनंदच झाला. साबण कमी लागायला लागला, काकांचा खोकला कमी झाला. पण त्याच दमात तिने आणखी एक गोष्ट सांगितली. वाफेच्या इंजिनाच्या राखेत अर्धवट जळलेले कोळसे असत. ते वेचायला आसपासच्या पाड्यांवरच्या बायका यायच्या. काही विकायच्या, काहींच्या चुली त्यावर पेटायच्या. तारा आल्या, राख गेली आणि त्या बायकाही दिसेनाशा झाल्या. “त्यांचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं. मग त्यांना शिकवणार कोण आणि दुसरं काम देणार कोण?”

त्या रात्री मला झोप लागेना. काका हजेरीपटावर होते, त्यांच्यामागे युनियन होती, म्हणून नवं इंजिन त्यांना पावलं. राख वेचणाऱ्या बायकांची उपजीविका गेली आणि त्याची कुठे नोंदही झाली नाही. इंजिन तेच, बदल तोच. फरक एवढाच, की बदलाच्या आधी कुणाशी बोलणं झालं आणि कुणाशी नाही.

रेल्वेत हे बोलणंही सुखासुखी सुरू झालेलं नाही. ८ मे १९७४ला देशभरातले सुमारे सतरा लाख रेल्वे कामगार जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. बोनस, पगार आणि कामाचे तास या मागण्या होत्या. इंजिनावरच्या माणसांना तर सलग किती तास काम करावं लागे याला धरबंध नव्हता. वीस दिवसांनी, २७ मेला संप मागे घेतला गेला. त्या दिवसांत हजारो कामगारांना अटक झाली, ठिकठिकाणच्या रेल्वे वसाहतींत क्वार्टर खाली करण्याच्या धमक्या आल्या. पुरुष तुरुंगात किंवा भूमिगत, आणि दारात उभी राहिलेली घरातली बाई. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं आहेत. वाण्याकडे उधारी मागायला गेलेल्या बायकांची नाहीत. आत्या त्याबद्दल एवढंच म्हणते, “ते वीस दिवस कसे काढले ते माझं मला माहीत.”

आता पुन्हा एकदा इंजिन बदलायची वेळ आली आहे, आणि या वेळी फक्त रेल्वेचं नाही. हवामान बदलतंय, म्हणून कोळसा आणि डिझेल कमी करायचं, हे आता जगाने मान्य केलं आहे. भारतीय रेल्वेने २०३०पर्यंत आपलं कर्ब उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं ठरवलं आहे. ब्रॉडगेजचं विद्युतीकरण जवळजवळ पुरं झालंय. घाटातली आमची ‘बँकर’सुद्धा कायमची नाहीत. २०२३ साली सुरू झालेली मुंबई-शिर्डी वंदे भारत मागच्या इंजिनाशिवायच हा घाट चढते.

इगतपुरीतच महिंद्र अँड महिंद्रचा इंजिनांचा कारखाना आहे. २०१८ साली तो ‘कार्बन न्यूट्रल’ ठरला. देशातला असा पहिला कारखाना म्हणून त्याची बातमी झाली होती. कार्बन न्यूट्रल म्हणजे वीज काटकसरीने वापरायची, शक्य तेवढी सूर्यासारख्या स्रोतांतून घ्यायची, आणि तरीही जो कर्बवायू हवेत जाईल तो झाडं लावून भरून काढायचा. आपल्या तालुक्याला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण दादा मला म्हणाला, “कारखाना हिरवा झाला हे चांगलंच. पण उद्या इंजिनच लागलं नाही तर?”

त्याचा प्रश्न साधा आहे. कंपनीच्या नव्या विजेवरच्या मोटारी २०२४च्या अखेरीला बाजारात आल्या. त्या पुण्याजवळ चाकणला तयार होतात. विजेच्या मोटारीला पिस्टन लागत नाही, क्रँकशाफ्ट लागत नाही, नोझल आणि सायलेन्सर लागत नाही. नाशिक, सातपूर, अंबड, गोंदे या पट्ट्यात हेच सुटे भाग बनवणारी कितीतरी वर्कशॉप्स आहेत. मारुतीने तर एप्रिल २०२०पासून डिझेलच्या मोटारी बनवणंच थांबवलं. मोठ्या कारखान्यात निदान युनियन असते, करार असतो, दुसऱ्या खात्यात बदली मिळू शकते. दादाच्या वर्कशॉपमध्ये चाळीस माणसं. तिथे करार म्हणजे मालकाचा शब्द.

मग मी जरा कायदा वाचायला घेतला. आपण बायका कायद्याच्या नावाने दचकतो, पण त्यात कामाच्या गोष्टी सापडतात. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात एक कलम होतं, ‘९अ’. कामाच्या अटींत काही ठराविक बदल करायचे असतील, तर मालकाने कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यायची. पाळ्या बदलणं, कामाच्या आणि विश्रांतीच्या वेळा, माणसं कमी होतील असं नवं यंत्र, पूर्वापार चालत आलेली एखादी सवलत काढून घेणं, हे सगळं त्यात येत होतं. २१ नोव्हेंबर २०२५पासून देशात नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. जुना कायदा गेला, पण ही २१ दिवसांची नोटीस नव्या संहितेतही आहे. शिवाय वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी. तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे सारखे प्रतिनिधी हवेत, आणि कामगारांत बायकांचं प्रमाण जेवढं, निदान तेवढ्या बायका समितीत हव्यात.

नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कारखाना बंद करायला किंवा कामगार कमी करायला सरकारची परवानगी पूर्वी शंभर कामगारांपासून पुढे लागत असे. आता ती मर्यादा तीनशेवर गेली. संपासाठी आधी नोटीस देणं सगळीकडेच सक्तीचं झालं. कामगार संघटनांचा या तरतुदींना विरोध आहे. दादाच्या वर्कशॉपला तर ना जुनी मर्यादा लागू होत होती, ना नवी.

आणि हवामानाचा या कलमांशी काय संबंध, असं वाटत असेल तर वीजदरांचं उदाहरण घ्या. दिवसा सौरवीज मुबलक, संध्याकाळी विजेची ओढाताण. म्हणून केंद्राच्या २०२३च्या नियमांप्रमाणे उद्योगांना दिवसा स्वस्त आणि संध्याकाळी महाग, असे दर ठरवायला सुरुवात झाली. दर बदलले की मालक पाळ्या बदलणार. पाळी बदलली की वहिनीची पाण्याची वेळ, मुलीच्या क्लासची वेळ, आत्याच्या गोळ्यांची वेळ, सगळं बदलणार. कागदावर ती ऊर्जाबचत. घरात मात्र पहाटे चारचा गजर.

म्हणून म्हणते, हवामान बदलाला तोंड देणं हा आता कामगार आणि मालक यांच्यातल्या बोलण्याचाही विषय आहे. जगात काही ठिकाणी तसं घडलंय. स्पेनने २०१८ साली आपल्या बहुतेक कोळसा खाणी बंद केल्या, पण आधी खाण कामगारांच्या संघटनांशी करार केला. वयस्कांना लवकर निवृत्ती, तरुणांना नवं शिक्षण आणि खाणींच्या गावांसाठी २५ कोटी युरो. आपल्याकडे इला भट्ट यांनी १९७२ साली उभी केलेली ‘सेवा’ ही तर बायकांचीच कामगार संघटना. मीठ पिकवणाऱ्या, फेरीवाल्या, शेतमजूर अशा, कुठल्याच हजेरीपटावर नसलेल्या बायकांची. तिने उष्णतेचा विमा आणला. पारा ठरलेल्या पातळीच्या वर गेला की बाईच्या खात्यात पैसे जमा, म्हणजे तेवढा दिवस ती सावलीत बसू शकेल. २०२४च्या उन्हाळ्यात राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रातल्या सुमारे पन्नास हजार बायका या योजनेत होत्या. रक्कम मोठी नव्हती. पण ऊन हा नशिबाचा नाही, मजुरीचा प्रश्न आहे, हे त्यातून मान्य झालं.

बदलामुळे दारं बंदच होतात असंही नाही. सुरेखा यादव आपल्या साताऱ्याच्या. १९८९ साली त्या मध्य रेल्वेत सहायक चालक झाल्या, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. घाटातली इंजिनं त्यांनी चालवली, डेक्कन क्वीन चालवली, २०२३मध्ये वंदे भारत चालवली. सप्टेंबर २०२५मध्ये निवृत्त होताना त्यांची शेवटची फेरी होती ती राजधानी एक्सप्रेसची, इगतपुरी ते मुंबई. ज्या कामात पूर्वी फावड्याने कोळसा मारावा लागे, ते ‘बाईचं काम नाही’ असं म्हणणं सोपं होतं. वीज आली आणि ती सबब गेली. पण इंजिनात स्वच्छतागृह नाही ही चालकांची जुनी तक्रार, आणि ती बायकांना जास्त जाचते. यंत्र बदललं म्हणून सोय आपोआप होत नाही. तिच्यासाठी वेगळं बोलावंच लागतं.

वहिनीच्या पंख्यांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. त्या चार दिवसांत आम्ही दोघींनी मिळून एक साधा अर्ज लिहिला. भाषा भांडणाची नाही. वीज वाचवायला आमची ना नाही, पण आम्हाला विचारा, एवढंच. कारखान्यात हवा खेळती हवी, प्यायला पाणी हवं, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह हवं, हे १९४८च्या फॅक्टरी कायद्यापासून चालत आलेलं आहे आणि कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याच्या नव्या संहितेतही आहे, याची आठवण करून दिली. खाली दोन सूचना लिहिल्या. पत्र्याला वरून पांढरा रंग द्या, आणि जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या खात्यातले दिवे जळतात ते बंद करा. पांढऱ्या रंगाची कल्पना पॅकिंगमधल्याच एकीची. तिच्या माहेरी पत्र्यावर चुना मारतात. अहमदाबादेत झोपडपट्टीतल्या छपरांना असाच पांढरा रंग देऊन घरातली उष्णता कमी केल्याचं मी वाचलं होतं, तेही लिहून टाकलं.

सह्या करायला आधी कुणी तयार होईना. कंत्राटी बाईची सही म्हणजे उद्यापासून येऊ नको, ही भीती खोटी नव्हती. शेवटी परमनंट कामगारांपैकी एक जण अर्ज घेऊन आत जायला तयार झाला आणि अकरा जणींनी सह्या केल्या. वहिनीची सही पहिली. त्या रात्री ती जेवली नाही.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. निम्मे पंखे परत आले होते. पत्र्याला रंग लागला होता. दिव्यांना वेगळी बटणं बसली होती. बाथरूम मात्र अजून त्या टोकालाच आहे. “पण ताई, परवा साहेब स्वतः खात्यात आले आणि म्हणाले, आणखी कुठे वीज वाया जाते ते तुम्हीच सांगा. आम्ही सात ठिकाणं सांगितली.”

सात ठिकाणं! रोज तिथे उभं राहणाऱ्या बायकांना ती माहीत होती. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तुमच्या घरातलं कुणी कारखान्यात असेल, किंवा तुम्ही स्वतः असाल, तर पुढचा करार होताना थोडं विचारून बघा. नवं यंत्र आलं तर शिकवणार कुणाला? पाळ्या बदलणार असतील तर नोटीस कधी? उन्हाळ्यात विश्रांती किती? कंत्राटी माणसांचं काय? आणि समितीत बाई आहे का? उत्तरं लगेच मिळणार नाहीत. पण घरातून प्रश्न गेला की पुरुषही तो युनियनमध्ये विचारतात, हा माझा अनुभव आहे.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणाकडेच नाही. तो संध्याकाळी मोबाइलवर विजेच्या मोटारी दुरुस्त करण्याचे धडे बघतो. वहिनी त्याच्या शेजारी बसते आणि न कळलेलं त्याला पुन्हा लावायला सांगते. “मलाही कळायला हवं ना,” म्हणते. “आईंना धुण्यावरून कळलं होतं. मला आधी कळू दे.”